माळ कोणाच्या गळ्यात, धूळ कोणाच्या छातीत?

हस्तव्यवसायाची स्तुती करणे ही आपल्याकडे आता एक रूढीच होऊन बसली आहे. प्रदर्शने भरतात, भाषणे झडतात, आणि ‘हाताने घडविलेले’ अशी चिठ्ठी चिकटविली की जिनसेचे मोल वाढते. परंतु ते हात ज्या देहाचे, त्या देहाची विचारपूस करण्याची रूढी मात्र अद्याप पडलेली नाही. खंबायतच्या अकीक-कारागिरांची स्थिती पाहिली म्हणजे या उणिवेची खरी किंमत कळते.

अकीक महाराष्ट्रास परका नाही. ज्या लाव्हारसापासून सह्याद्रीचा काळा कातळ बनला, त्याच कातळाच्या पोकळ्यांत गारेचे थर साचून हा दगड तयार होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक लेखात, या जातीचे दगड पैठणहून गाड्यांत भरून भडोच बंदरास जात, अशी नोंद आहे. त्याहून कितीतरी मागे, सिंधुसंस्कृतीच्या काळी, गुजरातेतील लोथल येथे मणी घडविण्याचा कारखाना होता, हे 1955 पासून झालेल्या उत्खननाने सिद्ध केले. इराकातील ऊर येथील राजथडग्यांतून निघालेले लांबट तांबडे मणी त्याच संस्कृतीच्या कारागिरीची साक्ष देतात. चार हजार वर्षांहून जुना असा हा आपला वारसा आहे, आणि त्याचा अभिमान आम्हांसही कोणापेक्षा कमी नाही.

पण अभिमान वेगळा आणि आंधळेपणा वेगळा. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींचा दगड पिढ्यानपिढ्या खंबायतेस येत आला आहे. तो उन्हात वाळवितात व मडक्यांत घालून आचेवर भाजतात, तेव्हा त्यातील लोहाच्या अंशाने त्यास तांबडा रंग चढतो. पुढे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीच्या टोकावर तो टेकवून, शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने टवके काढीत त्यास मण्याचा आकार देतात. नंतर कुरुंदाच्या चाकावर घासणे, भोक पाडणे आणि झिलई देणे ही कामे होतात. यांपैकी घासण्याच्या कामातच काळ दबा धरून बसलेला आहे. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. विजेवर गरगरणाऱ्या चाकास दगड भिडला की डोळ्यांस न दिसण्याइतकी बारीक धूळ उडते. श्वासाबरोबर ती फुप्फुसांत जाऊन बसते आणि तेथे कायमचे व्रण करिते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसांत क्षयाचा शिरकाव सहज होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायस्वास्थ्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून हे दुखणे उघडकीस आणले, त्यास कित्येक दशके लोटली. चाक बहुधा राहत्या घरीच असते. सबब चाकाजवळही न बसणारी बायकामुले तीच हवा घेतात.

मग कायदा काय करीत होता, असे वाचक विचारतील. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची गणना सरकारास कळविण्याच्या रोगांत केली खरी. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 आणि विजेवाचून चालणाऱ्या ठिकाणी 20 कामगार असल्यावाचून त्या जागेस ‘कारखाना’ हे नावच मिळत नसे. 85 व्या कलमान्वये लहान जागांसही कायदा लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस होता, पण घरधनी केवळ कुटुंबाच्या साहाय्याने काम करीत असेल तर तोही अधिकार खुंटे. पुढे 2020 साली संसदेने नवी संहिता संमत केली, तीत कामगारांची संख्या 20 व 40 अशी दुप्पट झाली! धूळ माणसे मोजून फुप्फुसांत शिरत नाही. कायदा मात्र माणसे मोजल्यावाचून दारात शिरत नाही.

कोणी म्हणतील, नियम कडक केले तर धंदाच बुडेल आणि गरिबांच्या तोंडचा घास जाईल. या युक्तिवादात आम्हांस तथ्य दिसत नाही. चाकावर पाण्याची धार धरिली असता बरीच धूळ तेथेच बसते. धूळ ओढून घेणारी यंत्रेही याच कामासाठी तयार झालेली आहेत. अडचण विद्येची नसून खर्च कोणी सोसावा याची आहे. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराने तो सोसावा, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. कच्चा दगड देणारा आणि तयार मणी नेणारा व्यापारी हाच व्यवहारतः या घराचा मालक आहे; कायद्यानेही त्यास मालकच समजावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घासण्याचे काम राहत्या घरांतून उठवून सामायिक शाळांत न्यावे, छातीची तपासणी सरकारने ठराविक मुदतीने फुकट करावी, आणि मदत मृत्यूची वाट पाहत बसू नये. राजस्थान सरकारने 2019 च्या धोरणाने रोग्यास प्रमाणपत्र मिळताच, म्हणजे हयातीतच, 3 लक्ष रुपये व मृत्यूनंतर वारसांस 2 लक्ष रुपये देण्याचे ठरविले. जे तेथे शक्य झाले ते इतरत्र अशक्य का असावे?

शेवटी दोन शब्द गिऱ्हाइकांस. मुंबई-पुण्याच्या पेढीवर अकिकाची माळ घेताना आपण रंग पाहतो, पाणी पाहतो, भावाची घासाघीस करितो. यापुढे आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: हा दगड घासणाऱ्याच्या चाकावर पाणी होते काय? दुकानदारास प्रथम उत्तर देता येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला तर तो उत्तर शोधून आणील. स्वदेशीचा अर्थ स्वदेशातील वस्तू एवढाच नसून स्वदेशातील माणूस असाही आहे.