इंजिनातील तेल घरी बदलण्याची सोपी रीत

नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटल्यानंतर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची शेती वाढीस लागली. आज त्या उसाची मशागत व वाहतूक मुख्यत्वे ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. जुन्या तेलावर चालविलेले इंजिन ऐन तोडणीत जाम झाल्यास भरलेली ट्रॉली वाटेतच उभी राहते. तेल वेळेवर बदलणे मात्र घरीही अवघड नाही.

तेल किती तासांनी बदलावे, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे व मीटरवरील तासांची नोंद ठेवावी. ट्रॅक्टर सपाट जागी लावून इंजिन काही मिनिटे चालवावे व बंद करावे. कोमट तेल पातळ होते व मळ बरोबर घेऊन येते. कढत तेलाने हात भाजतो. खाली घमेले ठेवून तळाचा नट सोडावा. तेल पूर्ण निथळल्यावर नट वॉशरसह बसवावा. आट्यांच्या नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला तेल लावून तो हातानेच आवळावा. नरसाळ्याने नवे तेल भरावे. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे व थोड्या वेळाने पट्टीवर पातळी पाहावी. फिल्टरमध्ये तेल गेल्याने ती उतरते, तेवढी भर घालावी.

मोटारगाडीखाली शिरणे टाळावयाचे असल्यास पट्टीच्या नळीतून लहान पंपाने तेल ओढून काढता येते.

काढलेले तेल विहिरीजवळ, चारीत वा कालव्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते नोंदणीकृत संकलकाकडे द्यावे. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावातील एका ट्रॅक्टरवर हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे.