शुल्काच्या दृष्टीने ‘स्थानिक’ विद्यार्थी कोण?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील पालकांपुढे प्रवेशाइतकाच शुल्काचा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडमधील विद्यापीठांत स्थानिक आणि परदेशी असे दोन वेगळे दर असतात. आपल्याकडे मात्र ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ संस्थेगणिक बदलतो आणि नेमकी येथेच पालकांची फसगत होते.

वर्धा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे १९९७ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ. तेथे वर्ध्याच्या आणि बिहारच्या विद्यार्थ्यात शुल्काचा भेद नाही. भेद असलाच तर तो भारतीय आणि परदेशी नागरिकांत. सावंगी (मेघे) येथील अभिमत विद्यापीठात एमबीबीएसच्या जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात, त्यामुळे जिल्ह्यात राहत असल्याचा तेथे काही लाभ नाही. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतील महाविद्यालयांत मात्र महाराष्ट्राचा अधिवास निर्णायक ठरतो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यास शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. या सवलतींसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. थेट व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर सवलतीवर पाणी सोडावे लागते.

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २००५ रोजी खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली. या जागांचे शुल्क पुष्कळ अधिक असते. त्यातील जादा रक्कम दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी वापरावी, असेही न्यायालयाने सांगितले. परंतु वडील मस्कतला आहेत म्हणून मुलाने याच जागेवर प्रवेश घ्यावा, असे बंधन नाही. मूल भारतीय नागरिक असेल, दहावी-बारावी येथेच झाली असेल आणि अधिवासाचा दाखला असेल, तर ते सर्वसाधारण जागेसाठी पात्र ठरते. दलालांच्या तोंडून ही माहिती क्वचितच ऐकू येते! आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी अभियांत्रिकीत स्वतंत्र जागाही असतात आणि त्यांचे शुल्क निवासी भारतीयांइतकेच असते.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कुटुंबांची स्थिती निराळी आहे. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकांना ‘नीट’ आणि ‘जेईई’द्वारे होणाऱ्या प्रवेशांत केवळ अनिवासी अथवा अतिरिक्त जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू करता येणार नाही, असा निर्णय दिल्याने अधिसूचनेच्या तारखेपूर्वी ओसीआय झालेल्यांचा सर्वसाधारण जागांवरील हक्क अबाधित राहिला.

अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारणतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते, म्हणून हा अर्ज परीक्षेपूर्वीच करावा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असा प्रकार आपल्याकडे विरळा नाही. अशा वेळी राजपत्रात नावाची नोंद करावी लागते आणि तिला काही आठवडे सहज जातात.