मूळनलिका उपचार आणि ग्रामीण रुग्ण : हिवरे बाजारच्या संदर्भात एक विवेचन

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव प्रामुख्याने पाण्याच्या ताळेबंदासाठी ओळखले जाते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही सूत्रे राबविली गेली आणि सिंचनासाठी विंधन विहिरी खोदण्यास मनाई करण्यात आली. याच गावाने विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी आवश्यक ठरविली, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी चर्चिली जाते. लक्षण दिसण्यापूर्वीच तपासणी करावी, हे तत्त्व एका दुष्काळी गावाने ग्रामसभेत स्वीकारले. दातांच्या बाबतीत हे तत्त्व शहरी सुशिक्षित वर्गातही अद्याप रुजलेले नाही. वस्तुतः त्याची सर्वाधिक गरज तेथेच आहे. कारण किडलेल्या दाढेचा ठणका उपचाराविना आपोआप थांबणे, हे बहुधा दात बरा झाल्याचे नव्हे, तर आतून मेल्याचे चिन्ह असते.

दाताच्या बाहेरील कठीण एनॅमलखाली डेंटिन आणि त्याच्या पोटात रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा मऊ गाभा असतो. हा गाभा मुळांमधील सूक्ष्म नलिकांतून थेट हाडापर्यंत पोहोचतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने एनॅमल विरघळते. लोकभाषेत याला ‘कीड’ म्हटले जात असले, तरी तेथे कोणताही किडा नसतो. जंतू गाभ्यापर्यंत पोहोचले की तो सुजतो. शरीराच्या इतर भागांत सूज बाहेर पसरू शकते. येथे चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने आतला दाब वाढतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढत असल्याने दाढ रात्री अधिक ठणकते. काही काळाने गाभा मृत होतो व वेदना शमते. लवंगेचे तेल किंवा मिसरी ‘लागू पडली’ असा समज याच टप्प्यावर दृढ होतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात आणि पुढे हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज दिसू लागते.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविक गोळ्या येथे अपुऱ्या ठरतात. गोळीतील औषध रक्तावाटे पोहोचते. मृत गाभ्यात रक्ताभिसरणच उरलेले नसते. सूज तात्पुरती ओसरते, मूळ कारण जागेवरच राहते.

या विकाराचे खरे कारण जंतूच आहेत, हे १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगाने दाखविले. त्यांनी दाढांना छिद्र पाडून गाभा उघडा ठेवला. सामान्य उंदरांमध्ये गाभा सडला. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये मात्र, छिद्रात अन्न अडकूनही, गाभा जिवंत राहिला व त्यावर नवे आच्छादन तयार झाले. मूळनलिका उपचाराची, म्हणजेच रूट कॅनालची, सर्व रीत या निष्कर्षाशी सुसंगत आहे. क्ष-किरण छायाचित्र घेऊन व जागा बधिर करून दाताला वरून छिद्र पाडले जाते, मृत गाभा काढला जातो, बारीक कानशींनी नलिका घासून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुनःपुन्हा धुतल्या जातात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नलिका असतात. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथीही सापडते. ती नजरेतून सुटली तर उपचार फसण्याची शक्यता वाढते. शेवटी नलिका गटापर्चाने घट्ट भरतात. आग्नेय आशियातील एका वृक्षाच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून दंतवैद्यकात वापरला जातो.

दात काढून टाकणे स्वस्त आणि एका खेपेत होणारे काम आहे, हे नाकारता येत नाही. रूट कॅनालसाठी अनेकदा दोन-तीन खेपा पडतात. ज्या शेतमजुराची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे, त्याने ‘काढूनच टाका’ म्हणणे यात अज्ञानापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. त्याला अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु या हिशेबात पुढचा खर्च धरलेला नसतो. दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरची दाढ लांबते आणि चावण्याचा भार एका बाजूवर येतो. जिल्ह्यात लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयीन रुग्णालयांत हे उपचार सर्वसाधारणपणे खासगी दवाखान्यांपेक्षा कमी खर्चात होतात, मात्र खेपा तेथेही टळत नाहीत.

सर्वाधिक नुकसान होते ते शेवटच्या खेपेला. नलिका भरल्या, ठणका थांबला, की रुग्ण दाढेवर टोपी बसवून घेण्यासाठी परत येत नाही. पोखरलेली, कोरलेली ती दाढ भाकरी चावताना एखाद्या दिवशी उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली असेल, तर इतका खर्च करून वाचविलेली दाढ अखेर काढावीच लागते.