वैद्य आणि विद्यापीठ : आंतरविद्याशाखीय संशोधनाची वाट

केवळ एकाच शास्त्राचे अध्ययन करणाऱ्यास त्या शास्त्राचाही यथार्थ निश्चय होत नाही. म्हणून वैद्याने बहुश्रुत असावे, असा अभिप्राय सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील प्रभाषणीय अध्यायात व्यक्त केला आहे. प्रसंगवशात् येणारे अन्य शास्त्रांतील विषय त्या त्या शास्त्राच्या जाणकारांकडूनच समजून घ्यावेत, असेही ते तेथे सांगतात. आज ज्यास ‘आंतरविद्याशाखीय अध्ययन’ म्हटले जाते, त्याचे बीज असे आपल्या संहितेतच आहे. मात्र बीज असणे निराळे आणि पीक पदरात पडणे निराळे. आयुर्वेदावर आज होणाऱ्या संशोधनात प्रश्न कोण विचारतो, वैद्य की अन्य कोणी, याचा विचार आम्हांस या लेखात करावयाचा आहे.

एका छपरातून दोन छपरांखाली

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारखी आयुर्वेदाची महाविद्यालये पूर्वी याच विद्यापीठाशी संलग्न होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील बहुतेक वैद्यकीय शिक्षण त्याच्या कक्षेत आले. अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या एकसूत्रतेसाठी हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि संस्कृत हे विभाग एका विद्यापीठात राहिले, तर आयुर्वेद दुसऱ्या विद्यापीठात गेला. ज्या शास्त्रांशी आपला नित्याचा संबंध असावयास हवा, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे श्रम तेव्हापासून वैद्याने स्वतःच करावयाचे आहेत.

२०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात हे श्रम सार्थकी लागावेत अशी सामग्री विपुल आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र याच आवारात आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे सी-डॅक, हेही दीर्घकाळ येथेच होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जवळच पाषाण येथे आहे. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची संस्था म्हणजे विद्यापीठाची इंटरडिसिप्लिनरी स्कूल ऑफ हेल्थ सायन्सेस. डॉ. भूषण पटवर्धन यांनी येथे दीर्घकाळ कार्य केले आणि आयुर्वेद व जीवशास्त्रे यांच्या संयुक्त संशोधनास अधिष्ठान मिळवून दिले.

प्रकृतिपरीक्षण आणि जनुकशास्त्र

अशा सहकार्यातून काय निष्पन्न होते, हे प्रकृतिविचाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. २००५ साली पुण्याच्या संशोधकांनी ७६ व्यक्तींचे प्रकृतिपरीक्षण करून, त्याची रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एच.एल.ए. जनुकांशी तुलना प्रसिद्ध केली. संख्या अल्प होती, पण प्रश्न मूलगामी होता : वैद्याने दर्शन-स्पर्शन-प्रश्नाने केलेल्या वर्गीकरणास शरीरातील सूक्ष्म पातळीवर काही आधार सापडतो काय?

याच प्रश्नाचा विस्तार २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतो. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेने पुणे, बंगळूर व उडुपी येथील सहकाऱ्यांसमवेत तो केला. त्यासाठी ३,४१६ व्यक्तींची प्राथमिक तपासणी झाली. वैद्यांनी प्रकृती निश्चित केली आणि सी-डॅकने विकसित केलेल्या ‘आयुसॉफ्ट’ या संगणकप्रणालीने ती पडताळण्यात आली. एका दोषाचे प्राबल्य निःसंदिग्ध असलेले केवळ २६२ पुरुष अंतिम विश्लेषणासाठी निवडले गेले. त्यांच्या जनुकसंचात ५२ स्थाने तिन्ही प्रकृतींमध्ये लक्षणीयरीत्या भिन्न आढळली, आणि पी.जी.एम.१ या शर्करेच्या चयापचयाशी संबंधित जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसून आला.

या निष्कर्षाने हुरळून जाण्याचे कारण नाही. अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, संमिश्र प्रकृतीच्या व्यक्ती वगळल्या होत्या. आणि आपल्या चिकित्सालयात येणारे बहुसंख्य रुग्ण तर द्वंद्वज प्रकृतीचेच असतात. तसेच संबंध दिसणे म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होणे नव्हे. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या अभ्यासाचा पाया ना जनुकतज्ज्ञ घालू शकला असता, ना संगणकतज्ज्ञ. ३,४१६ मधून २६२ निवडण्याचा विवेक वैद्याचा होता. तो पायाच कच्चा असता, तर पुढील सर्व महागडे विश्लेषण व्यर्थ गेले असते.

प्रतिकूल निष्कर्षांचेही मोल

दुसरे उदाहरण संधिवाताचे. गुडघ्याच्या संधिगत वातात आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या औषधांशी करणारी, ४४० रुग्णांवरील २४ आठवड्यांची चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. डॉ. अरविंद चोप्रा आणि डॉ. पटवर्धन यांचा तीत प्रमुख सहभाग होता. वेदना व कार्यक्षमता यांबाबत आयुर्वेदीय कल्प तुल्यबळ ठरले. त्याचबरोबर काही रुग्णांत यकृताशी संबंधित एस.जी.पी.टी. या घटकाची लक्षणरहित वाढही आढळली आणि संशोधकांनी ती उघडपणे नोंदविली. अशी नोंद आपल्या शास्त्रास कमीपणा आणते, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रुग्णाचे हित प्रथम आहे, आणि त्या नोंदीमुळे वैद्यास आपला रुग्ण अधिक दक्षतेने सांभाळता येतो.

आयुर्वेद आणि विज्ञानशाखा एकाच विद्यापीठात नांदत असल्यास काय साधते, हे काशीस पाहावयास मिळते. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावर बहुकेंद्री चाचणी घेतली. १९९१ च्या तिच्या अहवालानुसार शस्त्रकर्मानंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के रुग्णांत व्याधी पुन्हा उद्भवला. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने अधिक काळ लागला. त्याच विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. सुभाष लखोटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी आमलकी रसायन व रससिंदूर यांचा फळमाशीवरील परिणाम अभ्यासून २०१२ साली प्रसिद्ध केला. रसायन या संकल्पनेकडे प्राणिशास्त्रज्ञाने इतक्या गांभीर्याने पाहावे, ही समाधानाची बाब आहे.

मार्ग कोणते?

तरुण वैद्यांसाठी काही व्यावहारिक माहिती देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा, तर कमाल सहा वर्षांचा आहे. २०२४ पासून आयोगाच्या नेट परीक्षेतील गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्यात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर सत्रापासून ‘आयुर्वेद बायॉलॉजी’ हा विषय त्या परीक्षेत समाविष्ट झाला. पदवीचे शिक्षण चालू असलेल्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली ‘स्पार्क’ ही योजना सुरू केली. दोन महिन्यांच्या लघुसंशोधनासाठी एकूण ५०,००० रुपये असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक विभागाची पात्रता निराळी असते. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका बारकाईने पाहावी.

परंतु प्रवेश मिळणे हा या वाटेचा आरंभ आहे. तीन ते सहा वर्षे चिकित्साव्यवसायापासून अंशतः दूर राहण्याचा निर्णय सोपा नसतो. समवयस्कांचे चिकित्सालय स्थिरावत असताना आपण प्रयोगशाळेत नोंदी करीत बसलो आहोत, ही भावना खचविणारी असते. म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टींची सिद्धता असावी.

पहिली, स्वतःचा प्रश्न. ‘अमुक वनस्पतीचा तमुक व्याधीवर परिणाम’ एवढा विषय कोणीही घेऊ शकेल. अनुपान बदलल्याने गुण का बदलतो, एकाच व्याधीत अवस्थेनुरूप औषध का पालटते, असे प्रश्न वैद्यासच सुचतात. दुसरी, मापनाची भाषा. संख्याशास्त्राचे प्राथमिक ज्ञान असल्यावाचून विज्ञानशाखेतील सहकाऱ्याशी संवादच होत नाही. तिसरी, संहितेची पक्की बैठक. ती नसेल तर वैद्य प्रयोगशाळेत जातो आणि दुय्यम रसायनतज्ज्ञ होऊन परततो. यात दोन्ही शास्त्रांची हानी आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय आणि विगृह्य. अन्य शास्त्रांशी आपली विगृह्य संभाषा पुष्कळ झाली. संधाय संभाषेसाठी दोन्ही पक्ष एकत्र बसावे लागतात, आणि त्या बैठकीत वैद्याचे आसन रिकामे राहिले तरी संशोधन काही थांबत नाही. प्रश्न इतर विचारतात, निष्कर्ष इतर काढतात, आणि आपणांकडे औषधांची यादी पुरविण्याचे काम तेवढे उरते. आपल्या सभासदांपैकी जे अध्यापक आहेत, त्यांनी आपल्या वर्गातील एखाददुसरा जिज्ञासू विद्यार्थी हेरून त्यास ही वाट दाखवावी; आणि जे व्यवसायात आहेत, त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी नीट राखून त्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.