एक कारखाना, अनेक वस्तू: फ्लेक्झिबल मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे नेमकं काय?

मे महिन्यात मी नेरला घरी गेलो होतो. आमच्याकडे खरीप जवळ आला की वेल्डिंगच्या दुकानांत गर्दी होते. कोणाच्या वखराची पास घासलेली असते, कोणाच्या डवऱ्याचा जोड सुटलेला असतो, कोणाच्या ट्रॉलीला टाका मारायचा असतो. नेमकी त्याच वेळी ओळखीच्या एका दुकानदाराला शाळेच्या ४० बेंचची ऑर्डर आली होती. मी म्हटलं, "भाऊ, मोठी ऑर्डर मिळाली की!" तर ते म्हणाले, "मोठी आहे, पण घेऊ का नको समजून नाही राहिलं. बेंच करत बसलो तर शेतकरी वापस जाते. शेतकऱ्याचं करत बसलो तर बेंच होत नाही."

मी पुण्यात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मोठमोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये खर्चून जो प्रश्न सोडवतात, तो भाऊंनी दोन वाक्यांत सांगितला होता. एकाच जागेत, त्याच माणसांकडून आणि त्याच मशीनवर वेगवेगळ्या वस्तू बनवायच्या, पण वेळ आणि पैसा वाया जाऊ द्यायचा नाही. याच्या उत्तराला इंजिनिअरिंगच्या भाषेत फ्लेक्झिबल मॅन्युफॅक्चरिंग सिस्टिम, म्हणजेच लवचिक उत्पादन प्रणाली म्हणतात.

कॅल्क्युलेटर आणि मोबाइल

कॅल्क्युलेटर फक्त हिशेब करतो. तुमच्या हातातला मोबाइल मात्र हिशेबही करतो, फोटोही काढतो आणि अंधारात टॉर्चही होतो. यंत्र तेच राहतं, अ‍ॅप बदललं की काम बदलतं.

कारखान्यांतही असे दोन प्रकार असतात. आपल्या भागातली जिनिंग घ्या. कापसातून सरकी वेगळी करायची, एवढं एकच काम ती मशीन करते आणि फार वेगाने करते. कापूस संपला की बंद. हा झाला कॅल्क्युलेटर. लवचिक प्रणाली मोबाइलसारखी असते. तिचे मुख्य भाग तीन:

१. सीएनसी मशीन. ही मशीन प्रोग्रामवर चालते. तिच्या मॅगझिनमध्ये वेगवेगळी टूल लावून ठेवलेली असतात. साध्या व्हीएमसीमध्येही २०-२४ टूल मावतात. प्रोग्राममध्ये 'एम०६' ही आज्ञा आली की मशीन स्वतः टूल बदलते.

२. माल हलवणारी यंत्रणा. रोबो, कन्व्हेयर किंवा आपोआप चालणाऱ्या गाड्या जॉब एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेतात. (कारखान्यात ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्याला 'जॉब' म्हणतात.)

३. मधला कॉम्प्युटर. कोणता जॉब कुठे आहे, कोणती मशीन रिकामी आहे, पुढे कोणता प्रोग्राम लावायचा, हे तो ठरवतो. माझ्यासारख्यांची नोकरी या तिसऱ्या भागावर चालते.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात लंडनमधल्या मोलिन्स या सिगारेटची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत थिओ विल्यमसन यांनी 'सिस्टिम २४' नावाची रचना मांडली. मशीनने दिवसाचे २४ तास, रात्री तर जवळजवळ माणसांशिवाय काम करावं, हा तिचा हेतू होता. म्हणून नावात २४.

खरा खेळ सेटिंगचा

इथे एक मोठा गैरसमज होतो. रोबो आणले की कारखाना लवचिक झाला, असं अनेकांना वाटतं. खरी मोजपट्टी वेगळी आहे: एक वस्तू थांबवून दुसरी सुरू करायला किती वेळ लागतो?

समजा, एक नग बनायला २ मिनिटं लागतात आणि मशीनची सेटिंग बदलायला ६० मिनिटं.

- १०० नग बनवले तर एकूण २६० मिनिटं. एका नगाला २.६ मिनिटं.
- १० नग बनवले तर एकूण ८० मिनिटं. एका नगाला ८ मिनिटं.

म्हणजे छोटी ऑर्डर तिपटीने महाग पडली. म्हणूनच कारखानदार म्हणतो, "हजार नग घ्या, नाहीतर परवडत नाही." आता सेटिंगचा वेळ ३ मिनिटांवर आणा. १० नगांना २३ मिनिटं, एका नगाला २.३ मिनिटं. छोटी ऑर्डर आता मोठ्या ऑर्डरइतकीच, किंबहुना आधीच्या १०० नगांपेक्षाही स्वस्त पडते. मशीनचा वेग तोच आहे, फक्त मधला थांबा कमी झाला.

हे खरंच घडलेलं आहे. टोयोटामध्ये १००० टनांच्या एका प्रेसची डाय बदलायला ४ तास लागत. १९६९मध्ये शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली तो वेळ आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आला. मूळ युक्ती घरगुती आहे. जे काम मशीन चालू असतानाही उरकता येतं, ते आधीच उरकायचं. पुढची डाय आधीच शेजारी आणून ठेवायची, बोल्ट-पाने हाताशी ठेवायचे, मापं आधीच जुळवायची. तवा तापल्यावर कोणी कणीक मळायला बसत नाही, तसंच.

यात धंद्याचा फायदा काय?

बाजार बदलला तर कारखाना बंद पडत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला. तिथे पोलो आणि व्हेंटो बनायच्या. व्हेंटो तिथून मेक्सिकोलाही जायची. नंतर लोकांना उंच एसयूव्ही आवडू लागल्या. २०२१-२२मध्ये त्याच कारखान्यातून स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या चार गाड्या आल्या. दोन एसयूव्ही, दोन सेडान. चारही गाड्यांचा खालचा सांगाडा, म्हणजे प्लॅटफॉर्म, एकच आहे. त्यामुळे कोणती गाडी जास्त खपते त्यानुसार उत्पादन कमी-जास्त करणं सोपं जातं.

मिश्र गाड्यांच्या लाइनवर प्रत्येक बॉडीला ओळख असते, बारकोड किंवा रेडिओ टॅग. बॉडी समोर आली की यंत्रणा ती ओळख वाचते आणि रोबो त्या गाडीचा प्रोग्राम लावतो. ही ओळख चुकली तर पुढे सगळंच चुकतं. म्हणून आमचा निम्मा वेळ 'स्कॅन झालंच नाही तर काय?' याचा विचार करण्यात जातो.

स्पर्धेत याचा उपयोग कसा होतो, याचं गाजलेलं उदाहरण बाइकचंच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यामाहाने जपानमध्ये होंडाला पहिल्या क्रमांकावरून हटवायचा चंग बांधला. होंडाने फक्त किंमत कमी केली नाही. साधारण दीड वर्षात होंडाने ११३ मॉडेल बाजारात आणली किंवा बदलली, यामाहाने ३७. यामाहाच्या गाड्या गोदामात जुन्या होत गेल्या आणि शेवटी यामाहाने माघार घेतली.

मशीन लवचिक, माणूस ताठ

आता सगळ्यात महत्त्वाचं. हार्वर्डमधले भारतीय वंशाचे प्राध्यापक रामचंद्रन जयकुमार यांनी अमेरिका आणि जपानमधल्या अशा प्रणालींची तुलना करून १९८६मध्ये लेख लिहिला. मशीन दोन्हीकडे सारख्याच तोडीच्या होत्या. पण अमेरिकेत एका प्रणालीवर सरासरी १० प्रकारचे भाग बनत होते आणि जपानमध्ये ९३. म्हणजे अमेरिकेतल्या कारखान्यांनी मोबाइल विकत घेतला आणि कॅल्क्युलेटर म्हणून वापरला. जपानमध्ये प्रोग्राम लिहिणारी आणि सुधारणारी माणसं प्रत्यक्ष मशीनपाशी होती, हा मोठा फरक होता.

आपल्या गावांतून पुणे, संभाजीनगर, नाशिकच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांसाठी ही गोष्ट कामाची आहे. सीएनसीवर जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर असतो. त्याचं काम रोबोही करू शकतो. पण नवा जॉब आला की फिक्स्चर बसवणारा, टूलची मापं भरणारा, प्रोग्राम तपासून पहिला नग पास करून घेणारा सेटर असतो. कारखाना जितका लवचिक, तितका सेटर जास्त लागतो. आयटीआयला टर्नर, मशिनिस्ट करत असाल तर फक्त मशीन चालवायला शिकून थांबू नका. ड्रॉइंग वाचायला शिका, मापं घ्यायला शिका, जी-कोड लिहायला शिका. जी-कोडचे सिम्युलेटर मोबाइल आणि लॅपटॉपवर फुकट मिळतात. चुकलात तर टूल तुटत नाही, ही त्यातली सोय.

आणि प्रत्येक जागी लवचिकता हवीच असंही नाही. एकच वस्तू वर्षानुवर्षं लाखोंनी लागत असेल तर त्या एकाच कामाची मशीन स्वस्त पडते. जिनिंगला डवरे बनवता आले नाहीत म्हणून ती मागासलेली ठरत नाही. लवचिक प्रणाली महाग असते. ऑर्डर सतत बदलत असतील तरच तो खर्च निघतो.

भाऊंनी काय केलं?

ऑर्डर घेतली. पण पहिल्या दिवशी एकही बेंच बनवला नाही. दिवसभर बसून अँगलचा एक फर्मा बनवला. पाइप त्यात ठेवला की माप आणि काटकोन आपोआप जुळायचे. दर बेंचला टेप आणि गुण्या धरायचं काम संपलं. सकाळी गर्दी व्हायच्या आत पोऱ्या सगळे पाइप कापून ठेवायचा. मधे कोणी शेतकरी आला तर भाऊ फर्मा बाजूला ठेवून त्याचं काम करून द्यायचे आणि पाच मिनिटांत परत बेंचवर यायचे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी बेंच पोचले आणि शेतकरीही वापस गेले नाहीत.

मी त्यांना टोयोटाच्या प्रेसची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंग त्यायनं बी फर्माच बनवला म्हणजे."

बरोबरच आहे. कारखान्यातल्या फिक्स्चरला आपल्याकडे फर्माच म्हणतात.