गावात अभ्यासिका, मैदान, जिम हवी आहे? पैसे कुठून येतात, समजून घ्या

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि अभ्यासाला शाळेच्या व्हरांड्यात बसतात. मैदान मागितलं की उत्तर मिळतं, "निधी नाही." पण हे उत्तर दरवेळी पूर्ण खरं नसतं.

तरुणांसाठी राखीव निधी असतो का?

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. तरुणांसाठी असा वाटा ठरलेला नाही. राज्यघटनेच्या 11व्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत. त्यात ग्रंथालयं आहेत, व्यावसायिक शिक्षण आहे, पण 'युवक' हा वेगळा विषय नाही. त्यामुळे कुणी मागणी केली नाही, तर तरुणांची कामं मागे पडतात.

मग पैसे कुठून येऊ शकतात?

▪ वित्त आयोग: 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेला 40 टक्के 'अबंधित', म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरायचा. मात्र त्यातून पगार देता येत नाहीत. म्हणूनच अभ्यासिकेची खोली बांधून होते, पण ती रोज उघडायला माणूस मिळत नाही.

▪ स्वउत्पन्न: घरपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. वीजबिल, देखरेख, मानधन असा रोजचा खर्च यातूनच भागवावा लागतो. घरपट्टी थकली की अभ्यासिकेलाही कुलूप लागू शकतं.

▪ जिल्हा वार्षिक योजना: हिला जिल्हा नियोजन समिती मंजुरी देते आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाचं अनुदान यातून मिळतं. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो.

तरुणांनी काय करायचं?

ग्रामपंचायतीचा पैसा कुठल्या कामांवर जाणार, हे दरवर्षीच्या विकास आराखड्यात ठरतं. त्यावर ग्रामसभेत चर्चा होते. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. म्हणजे 18 वर्षांच्या मतदारालाही तिथे बोलण्याचा हक्क आहे.

मागणी लेखी द्या, जागा सुचवा आणि ठरावात नोंद झाली का ते पाहा. बांधकामासोबत रोजच्या खर्चाचंही विचारा. आपल्या गावाचा आराखडा 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर बघता येतो. त्यात तरुणांसाठी किती कामं आहेत, ते आजच मोजा.