‘रडून दाखव’ म्हटल्यावर

रशियन रंगकर्मी स्तानिस्लावस्कीचं अभिनयावरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक एका नाट्यविद्यार्थ्याची रोजनिशी म्हणून लिहिलेलं आहे. कोस्त्या नावाचा हा काल्पनिक मुलगा वर्गात जे घडलं ते टिपत जातो. त्यातला मारियाच्या ब्रोचचा प्रसंग नाट्यशिक्षक हमखास सांगतात. पडद्याच्या चुण्यांत खोचलेला ब्रोच शोधायचा, नाही सापडला तर शाळा सोडायची. मारिया मंचावर सैरावैरा धावते, डोकं धरते, पडद्यात तोंड खुपसते आणि खूश होऊन खाली येते. ब्रोच कुठे, असं गुरुजी विचारतात तेव्हा तिच्या ध्यानात येतं, शोधायचंच राहिलं! दुसऱ्या खेपेला ती खरोखर शोधते, मग चेहऱ्यावर मुद्दाम काही आणावं लागत नाही.

के. नारायण काळ्यांनी हे पुस्तक ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणलं. तरी आपल्याकडच्या बऱ्याच शिबिरांत अजून मारियाची पहिली फेरीच शिकवली जाते.

याचं एक कारण भावस्मृती. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून स्तानिस्लावस्कीने ही कल्पना उचलली, की नटाने स्वतःच्या आयुष्यातली जुनी भावना जागवून ती भूमिकेला द्यावी. अमेरिकेत 1931 साली निघालेल्या ग्रुप थिएटरमध्ये ली स्ट्रासबर्गने तिलाच मध्यवर्ती स्थान दिलं. 1934 मध्ये त्याच कंपनीतली स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला जाऊन स्तानिस्लावस्कीला भेटली, त्याच्यापाशी शिकली. परत येऊन तिने सांगितलं, खुद्द गुरूचा भर आता नाटकातली परिस्थिती, कल्पना आणि कृती यांवर आहे. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. दोघांच्या दोन शाळा झाल्या. माझं मत अ‍ॅडलरच्या बाजूने.

विद्यार्थी असताना आम्हालाही डोळे मिटून घरातला मृत्यू आठवायला लावलं होतं. रडली सगळीच, पण त्यानंतर म्हटलेलं एकही वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं नाही. पुढे दुसऱ्या शिक्षकांनी वेगळा सराव दिला. वडील गेलेत, त्यांचे कपडे वाटून टाकायचेत, घड्या घाला. बस्स. एका मुलाने शर्ट उचलला, बटणं लावली आणि घरच्या सवयीने खिसा चाचपला. खिशात एसटीचं तिकीट निघालं (शिक्षकांनीच ठेवलं होतं, लबाड!). पुढचं वाक्य तो बोलला तेव्हा आवाज पार बदललेला होता.

नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत हा स्वरभेद येतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे त्याचे सोबती. हे भाव एकाग्र मनातून उपजतात, असं भरत म्हणतो. जुनं दुःख उकरून काढा, असं तो सांगत नाही. केरळच्या कुटियाट्टम या नाट्यप्रकारात तर डोळे, चेहरा आणि श्वास यांचा वर्षानुवर्षं सराव चालतो. चिलीच्या सुझाना ब्लोख यांनी 1970च्या दशकात प्रत्येक मूळ भावनेचा श्वास, शरीराचा ताण आणि चेहरा यांची सांगड प्रयोगशाळेत तपासली आणि त्यातून नटांसाठी एक पद्धत बसवली. एवढ्या लांबचे लोक श्वासापाशीच येऊन थांबतात, याचं मला नवल वाटत नाही. ‘नटसम्राट’मधली स्वगतं म्हणून पाहा. श्वास कुठे घ्यायचा हे ठरलेलं नसेल तर करुण रस राहतो बाजूला, दम लागतो.

शिवाय आपलं नाटक दौऱ्यावर चालतं. दुपारी एका गावात, रात्री दुसऱ्या गावात, मधे बसमध्ये जेमतेम डुलकी. घरातला तोच मृत्यू दिवसातून दोनदा आठवला की दुसऱ्या खेपेला डोळे कोरडेच राहतात. घडी घालण्याची कृती मात्र रात्रीच्या प्रयोगालाही हाताशी असते. आणि कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या जखमा चारचौघांत उघड्या करायला लावणं मला धोक्याचंही वाटतं. ते सावरायचं शिक्षण आपल्यापैकी फार थोड्या शिक्षकांकडे असतं.

पुढच्या वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी घेणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. पोरांना ‘इथे रड’ असं सांगू नका. त्या जागी पात्र काय करतंय, ते सांगा.